हिरवी गच्ची आणि जिवंत भिंत: स्लॅबपासून पानापर्यंत

हिरव्या गच्चीची चर्चा बहुतेक वेळा झाडांपासून सुरू होते. कोणती लावायची, फुलं कधी येतील, किती दाट दिसेल. काम मात्र उलट्या क्रमाने करावं लागतं. आधी स्लॅब किती वजन पेलतो ते बघायचं, मग पाणी कुठून बाहेर पडणार, मग मुळं कुठे अडवायची, मग माती. झाडांची पाळी सगळ्यांत शेवटी. झाड चुकलं तर पुढच्या हंगामात बदलता येतं. मातीखालचा थर चुकला तर सगळं उपसून गच्ची उघडी करावी लागते, आणि तोवर खालच्या खोलीच्या छताला ओल आलेली असते. म्हणून जे झाकलं जाणार आहे त्याबद्दल या लेखात जास्त लिहिलं आहे.

भिंतीबद्दलचं मतही सुरुवातीलाच सांगायला हवं. नीट बांधलेली पातळ हिरवी गच्ची रुजल्यावर बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर जगते. जिवंत भिंतीला, म्हणजे उभ्या भिंतीवरच कप्प्यांत झाडं वाढवलेल्या भिंतीला, रोज पाणी, पंप, फिल्टर आणि कुणाचं तरी लक्ष लागतं, आणि हे कायमचं. दोन्हींपैकी एकच शक्य असेल तर गच्ची करा. भिंतच हवी असेल तर वेलींपासून सुरुवात करा.

वजनाचा हिशेब

हिरव्या गच्चीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पातळ थराच्या गच्चीला एक्स्टेन्सिव्ह म्हणतात. तिच्यात मातीऐवजी वापरायच्या मिश्रणाचा थर ६ ते १५ सेंटीमीटर असतो आणि भिजल्यावर तिचं वजन चौरस मीटरला साधारण ६० ते १५० किलो भरतं. खोल थराची ती इंटेन्सिव्ह. तिच्यात २० सेंटीमीटरपासून मीटरभरापर्यंत माती असते, वजन ३०० किलोच्या पुढे जातं आणि झाडं लावली तर १,००० किलोही ओलांडतं. खोल थराची गच्ची म्हणजे सरळ बागच. ती नव्या इमारतीत, आराखड्यातच तरतूद करून बांधावी. आधीच उभ्या असलेल्या इमारतीवर बहुतेक वेळा पातळ थराचाच पर्याय उरतो.

वजन मोजायचं ते पूर्ण भिजलेल्या अवस्थेतलं. विक्रेत्याच्या पत्रकावर कोरडं वजन छापलेलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. एका चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी साठलं तर ते १० लिटर, म्हणजे १० किलो होतं. याच गणिताने मातीचं वजन घरच्या घरी काढता येतं. तळाला भोकं पाडलेली १० लिटरची बादली मिश्रणाने हलक्या हाताने दाबून काठोकाठ भरा. ती पाण्याच्या मोठ्या टबात दिवसभर बुडवून ठेवा, मग बाहेर काढून दोन तास निथळू द्या आणि वजन करा. बादलीचं वजन वजा केल्यावर जो आकडा येतो तेच एका चौरस मीटरवरच्या एक सेंटीमीटर थराचं भिजलेलं वजन. बागेतल्या साध्या मातीला हा आकडा १८ ते २० किलो येतो. हलक्या, सच्छिद्र मिश्रणाला ११ ते १४.

समजा आकडा १२.५ आला आणि थर १० सेंटीमीटरचा आहे. मिश्रणाचे १२५ किलो झाले. निचरा थर आणि त्यात साठणारं पाणी मिळून १० किलो, ओली कापडं ५, वाढलेली झाडं १० धरा. एकूण चौरस मीटरला १५० किलो. हा कायमचा भार आहे. चालणाऱ्या-बसणाऱ्या माणसांचा, पाण्याच्या टाक्यांचा, सौर पॅनलचा आणि बर्फ पडणाऱ्या प्रदेशात बर्फाचा भार वेगळा धरावा लागतो. हा सगळा तपशील घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. स्लॅबची जाडी, सळ्यांची मांडणी, बांधकामाचं वय आणि नंतर चढवलेले थर पाहूनच तो उत्तर देऊ शकतो. हे उत्तर लेखी घ्या. ही एकच पायरी अशी आहे जी स्वतःच्या अंदाजाने कधीही ओलांडू नये.

उत्तर प्रतिकूल आलं तरी लगेच हिरमुसायचं कारण नाही. जुन्या गच्च्यांवर कोबा, त्यावर फरशी, त्यावर पुन्हा गळती रोखण्यासाठी घातलेला थर असे वर्षानुवर्षांचे पदर असतात. विटांच्या तुकड्यांच्या १० सेंटीमीटर कोब्याचंच वजन चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो असतं. तो काढून हलकं, नवं वॉटरप्रूफिंग केलं तर तेवढाच भार हिरवाईसाठी मोकळा होतो. शिवाय सगळी गच्ची हिरवी करायलाच हवी असंही नाही. बीम आणि खांब जिथे आहेत तिथे थर जाड ठेवायचा आणि स्लॅबच्या मध्यावर पातळ. झुडपं, मोठ्या कुंड्या, पाण्याचा हौद ही सगळी एका जागी एकवटलेली वजनं खांबांच्या डोक्यावरच यायला हवीत.

दोन धोके आराखड्यात दिसत नाहीत. पहिला बांधकामाच्या दिवशीचा. माती वर चढवली की मजूर ती सोयीच्या एका कोपऱ्यात ओततात. मीटरभर उंचीच्या ढिगाखाली चौरस मीटरला हजार किलोहून जास्त भार येतो. माल चढवतानाच पसरत न्यायचा, ही अट कामाच्या करारात लिहा. दुसरा धोका तुंबलेल्या पाण्याचा. पाणी जायचं भोक पानांनी बुजलं आणि कठड्याच्या आत २० सेंटीमीटर पाणी साठलं, तर चौरस मीटरला २०० किलो अचानक वाढतात. हे टाळण्याचा उपाय पुढे येतो.

पाण्याची वाट आणि वॉटरप्रूफिंग

गच्चीला पाण्याच्या पाइपाकडे किमान २ टक्के उतार असावा, म्हणजे मीटरमागे २ सेंटीमीटर. अगदी सपाट गच्चीवर पाणी रेंगाळतं आणि मुळं कुजतात. उताराच्या छपरावरही हिरवाई करता येते, पण १० अंशांच्या पुढे माती घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या किंवा जाळ्या लागतात.

छोट्या गच्चीलाही पाणी जायच्या वाटा किमान दोन हव्यात. त्याखेरीज कठड्यातून आरपार जाणारा एक आणीबाणीचा पाइप ठेवा. तो नेहमीच्या पातळीपेक्षा थोडा वर, पण गच्चीवर उघडणाऱ्या दारांच्या उंबऱ्यापेक्षा खाली असावा. त्यातून पाणी पडताना खालच्यांना दिसायला हवं, म्हणजे वर काहीतरी तुंबलंय हे लगेच कळतं. प्रत्येक पाइपाच्या तोंडावर झाकण असलेली, बाजूंना भोकं असलेली पेटी बसवा आणि तिच्याभोवती ३० ते ५० सेंटीमीटर रुंदीत फक्त गोटे घाला. झाकण उचलून हात घालता आला पाहिजे. पाइपाचं तोंड मातीखाली गाडलं तर ते नेमकं कुठे होतं हे दोन वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

हिरवी गच्ची पाऊस शोषते म्हणून पाइप बारीक ठेवले तरी चालतील, असा समज आढळतो. पूर्ण कोरडा असलेला १० सेंटीमीटरचा थर साधारण २५ ते ३५ मिलिमीटर पाऊस धरून ठेवतो. त्यानंतर पडणारं पाणी थोड्या उशिराने का होईना, पाइपातूनच जाणार आहे. शहराच्या गटारांना या उशिराचा फायदा होतो, पण पाइपांचा व्यास कमी करण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की ठेवा: पाणी अडवणं आणि मुळं अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. डांबरावर आधारित फेल्ट पाणी उत्तम अडवतं, पण मुळं त्यात शिरतात. त्यावर मुळं रोखणारा वेगळा थर घालावा लागतो किंवा मूळरोधक द्रव्य मिसळलेलं फेल्ट घ्यावं लागतं. ईपीडीएम रबर, टीपीओ आणि पीव्हीसी (हे दोन्ही प्लॅस्टिकचे प्रकार) यांच्या चादरी मुळांना सहसा दाद देत नाहीत, मात्र त्यांचे सांधे कसे जोडले आहेत त्यावर सगळं अवलंबून असतं. पीव्हीसीची चादर डांबराच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या थेट संपर्कात ठेवू नका. तिच्यातलं मऊपणा देणारं द्रव्य निघून जातं आणि ती कडक होऊन तडकते. मधे कापडाचा थर लागतो. माल घेताना युरोपीय मानक ईएन १३९४८ किंवा जर्मनीतल्या एफएलएल या संस्थेच्या मूळरोधक चाचणीचं प्रमाणपत्र मागा. या चाचण्यांमध्ये चादरीवर प्रत्यक्ष झाडं वाढवून दोन वर्षं पाहिलं जातं.

गळती बहुतेक वेळा कडेने सुरू होते. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथल्या काटकोनात चादर वळवली की ती तिथे ताणली जाऊन फाटते. म्हणून त्या कोनात सिमेंटची गोलाई करून घ्या. गवंडी तिला वाटा म्हणतात. चादर मातीच्या अंतिम पातळीच्या वर किमान १५ सेंटीमीटर चढवून पट्टीने पक्की करा. पाइप, टाकीचे पाय, सौर पॅनलचे खांब जिथे थराला छेदतात त्या प्रत्येक जागेला स्वतंत्र गळपट्टी हवी. पाय आणि खांब बसवायचे ते या थराच्या आधी. नंतर कुणी ड्रिल घेऊन वर गेलं की सगळी मेहनत वाया जाते.

थर पूर्ण झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर ३ ते ५ सेंटीमीटर पाणी ४८ तास कोंडून ठेवा. पातळीची खूण करा आणि खालच्या मजल्यावर छत, कोपरे, पाइपाभोवतीची जागा दोन्ही दिवस तपासा. उतार जास्त असेल तर गच्ची वाळूच्या पिशव्यांनी भागांत वाटून चाचणी घ्या. ठेकेदार घाई करेल, पण ही चाचणी झाल्याशिवाय वर एक घमेलंही माती जाऊ देऊ नका. चाचणीनंतरही थरावर बुटांनी, शिडीने, फावड्याने भोक पडू शकतं, म्हणून त्याच दिवशी संरक्षक कापड अंथरून टाका.

मधले थर

वॉटरप्रूफिंगच्या वर क्रम असा: मूळरोधक चादर, संरक्षक कापड, निचरा थर, गाळणीचं कापड, मिश्रण. संरक्षक कापड जाड जिओटेक्स्टाइलचं, चौरस मीटरला किमान ३०० ग्रॅम वजनाचं घ्या. निचरा थरासाठी २० ते ४० मिलिमीटर उंचीच्या वाट्या असलेले प्लॅस्टिकचे पत्रे मिळतात. वाट्यांत थोडं पाणी साठतं आणि जास्तीचं भोकांतून खाली उतरतं. वजनाची मुभा असेल तर धुतलेल्या खडीचा थरही चालतो, पण ५ सेंटीमीटर खडी म्हणजे चौरस मीटरला आणखी ८० किलोंच्या आसपास भार.

गाळणीचं कापड पातळ असतं. माती खाली वाहून निचरा बुजू नये एवढंच त्याचं काम. जोडावर २० सेंटीमीटर एकमेकांवर चढवा आणि कडेला मातीच्या उंचीपर्यंत वर वळवा. हे वळवणं राहिलं की माती कडेने खाली घसरते आणि पाइपापर्यंत पोचते. कठड्यालगत सगळीकडे गोट्यांची पट्टी ठेवा. ती आग पसरू देत नाही, वाऱ्याने काठ उचलू देत नाही आणि तपासणीसाठी चालायला वाटही देते. वाऱ्याचं खेचणं कोपऱ्यांवर आणि काठांवर सगळ्यांत जास्त असतं, त्यामुळे उंच इमारतीत ही पट्टी रुंद करा आणि गोट्यांऐवजी फरश्या ठेवा.

माती, जिला माती म्हणू नये

गच्चीवरची सर्वांत सामान्य चूक म्हणजे शेतातली काळी माती आणि त्यात भरपूर खत. जमिनीत खोलवर निचरा होतो म्हणून ती माती तिथे चालते. दहा सेंटीमीटरच्या थरात ती पावसात चिखल होते, उन्हात भेगाळते आणि वाफसा कधी धरतच नाही. मुळांना पाणी आणि हवा एकाच वेळी मिळाली पाहिजेत. त्यासाठी मिश्रणाचा मुख्य भाग खनिज आणि सच्छिद्र असावा लागतो.

पातळ थरासाठी विश्वासाचं प्रमाण असं: आकारमानाने साठ-पासष्ट टक्के सच्छिद्र खडा, वीस-पंचवीस टक्के जाडसर वाळू किंवा बारीक खडा आणि दहा-पंधरा टक्के पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. सच्छिद्र खड्यात प्युमिस, लाव्हाचा खडा, भाजून फुगवलेल्या मातीच्या गोळ्या किंवा फोडलेली वीट यांतलं जे जवळ मिळेल ते घ्या. विटेचे तुकडे २ ते १० मिलिमीटरचे असावेत आणि त्यांना जुना चुना-सिमेंट चिकटलेलं नसावं, नाहीतर मिश्रण फार अल्कधर्मी होतं. बारीक भुकटी चाळून टाका. तीच नंतर गाळणीचं कापड बुजवते.

कोकोपीट हलकं असतं म्हणून लोक सगळा थरच त्याने भरतात. सेंद्रिय पदार्थ कुजत जातो. दोन-तीन वर्षांत थर निम्म्यावर येतो, मुळं उघडी पडतात आणि निघणारं पाणी तपकिरी, खतमिश्रित होतं. पूर्ण वाळलेला सेंद्रिय थर पेटतोही. थोडं कोकोपीट ओल धरायला ठीक आहे, भर म्हणून नाही. खनिज मिश्रणही दबून खाली बसतं, त्यामुळे हिशेबापेक्षा १५ टक्के जास्त मागवा.

झाडं

थराची खोली ठरली की यादी आपोआप आखडते. ६ ते ८ सेंटीमीटरमध्ये शेवाळ आणि सेडमसारखी मांसल पानांची बुटकी झाडं. १० ते १५ मध्ये चिनी गुलाब, बुटकी गवतं, सुगंधी औषधी वनस्पती. २० च्या पुढे उंच गवतं आणि बहुवर्षायू फुलझाडं, ३० ते ५० मध्ये झुडपं, ८० च्या पुढे छोटी झाडं.

सेडमबद्दल एक खुलासा. जगभरच्या हिरव्या गच्च्यांच्या चित्रांत तेच दिसतं, कारण ही पद्धत थंड, समशीतोष्ण देशांत वाढली. उष्ण आणि दमट हवेत, सलग पावसात ते कुजतं. शिवाय मांसल पानांची अशी बरीच झाडं पाण्याची टंचाई असली की पानांची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतात. यामुळे ती दुष्काळात टिकतात, पण दिवसा पाण्याची वाफ कमी सोडतात आणि गारवाही कमी देतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल, म्हणजे पाऊण युनिट विजेपेक्षा थोडी कमी उष्णता शोषली जाते. खालची खोली आणि आसपासची हवा गार व्हावी हा हेतू असेल, तर पातळ पानांची गवतं व फुलझाडं आणि त्यांना पुरेल एवढी ओल हवी. वाळलेली हिरवी गच्ची सावली देते, पण वाफेचा गारवा देत नाही.

योग्य झाडं शोधायची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे तुमच्या भागातले खडकाळ माळ, कातळावरची पातळ माती, जुन्या तटबंदीच्या फटी. तिथे जे न पाणी घालता उन्हाळा काढतं ते गच्चीवरही काढतं. मात्र ती झाडं माळावरून उपटून आणू नका. बी किंवा फांदी घेऊन रोपं तयार करा. एकाच जातीचा गालिचा टाळा आणि आठ-दहा जाती मिसळा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सपाट छपरांवरच्या हिरवाईचा कीटक आणि पक्ष्यांच्या दृष्टीने बराच अभ्यास झाला आहे. तिथल्या अनुभवाचं सार सोपं आहे: थराची जाडी कमी-जास्त ठेवा, कुठे उंचवटा, कुठे उघडी वाळू, कुठे दगड आणि वाळक्या ओंडक्याचा तुकडा. जमिनीत बिळं करून एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांना उघडी वाळू लागते, आणि हे सगळं करायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

छोटी रोपं चौरस मीटरला १५ ते २० लावा. लागवड पावसाच्या किंवा थंडीच्या सुरुवातीला करा, ऐन उन्हाळ्यात नको. पहिले दोन हंगाम पाणी द्यावंच लागतं, त्यामुळे ‘बिनपाण्याची गच्ची’ असं कुणी विकत असेल तर वर नळाची सोय आहे का ते आधी बघा. सौर पॅनल असतील तर त्यांचा खालचा काठ झाडांच्या वर किमान ३० सेंटीमीटर ठेवा. पॅनलला खालून गारवा मिळतो, आणि सिलिकॉनचं पॅनल तापेल तसं वीज कमी देतं, म्हणून ही जोडी चांगली जमते.

भिंत: वेल की कप्पे?

जमिनीत लावलेली वेल भिंतीवर चढवणं ही सगळ्यांत जुनी, स्वस्त आणि टिकाऊ पद्धत. स्वतःच्या मुळांनी किंवा चिकट टोकांनी भिंत धरणाऱ्या वेली धडधाकट काँक्रीटवर किंवा दगडावर चालतात. पोपडे आलेल्या, भेगाळलेल्या गिलाव्यावर त्या लावू नका. मुळं फटीत शिरतात आणि वेल काढताना गिलावाही निघतो. वेटोळे घालत चढणाऱ्या वेलींना भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे ताणलेली स्टेनलेस स्टीलची तार किंवा जाळी द्या. मधली हवा खेळती राहते, भिंत सुकी राहते आणि रंगकामही करता येतं. दुपारचं तिरकं ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर याचा सर्वांत जास्त फायदा होतो. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात पानझडी वेल निवडली की हिवाळ्यातलं ऊन भिंतीला मिळतं. तयार व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात, आणि तेवढा धीर धरणं शहाणपणाचं आहे.

कप्प्यांची भिंत पहिल्या दिवसापासून भरलेली दिसते. तिची कल्पना नवी नाही. अमेरिकेत स्टॅनली हार्ट व्हाइट यांनी १९३८ मध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं होतं. तिला जगभर प्रसिद्धी मिळाली ती फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लांक यांच्यामुळे. त्यांच्या पद्धतीत धातूच्या सांगाड्यावर पीव्हीसीचा पत्रा आणि त्यावर फेल्टच्या जाड कापडाचे दोन पदर असतात. मुळं फेल्टमध्येच वाढतात, माती नसते, खत पाण्यातून मिळतं. ही भिंत हलकी असते, पण तिच्यात ओलीचा साठा नसतो. कडक उन्हात पंप एक दिवस बंद पडला तरी झाडं जातात. मिश्रण भरलेले कप्पे किंवा पेट्या जड असतात, भिजल्यावर चौरस मीटरला ५० ते १०० किलो, पण दोन-तीन दिवसांची चूक पोटात घेतात. पहिल्यांदा करणाऱ्याने पेट्याच घ्याव्यात.

सांगाडा आणि भिंत यांच्यात ५ सेंटीमीटर तरी मोकळी हवा ठेवा आणि मागे जलरोधक पत्रा लावा. कप्पे थेट भिंतीवर ठोकले की ओल आत येणारच. नांगरबोल्ट (अँकर बोल्ट) गिलाव्यात किंवा पोकळ विटेत पकडत नाहीत. ते काँक्रीटमध्ये किंवा भरीव दगडी-विटांच्या बांधकामात, खेचून चाचणी घेऊन बसवा. खताचं पाणी लोखंड झपाट्याने खातं, म्हणून स्टेनलेस किंवा गरम जस्तलेप दिलेलं पोलाद वापरा. समुद्राजवळ ३१६ दर्जाचं स्टेनलेसच घ्या.

भिंतीचं पाणी

भिंतीची झाडं मरतात ती बहुधा पाण्याच्या असमान वाटपाने. वरची रांग कोरडी आणि खालची कुजलेली, हे चित्र सगळीकडे दिसतं. त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे पाणी खाली झिरपत जातं. दुसरं, पाइपातला दाब उंचीप्रमाणे बदलतो, मीटरमागे सुमारे ०.१ बार. म्हणून दाब आपोआप सांभाळणारे ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणाऱ्या तोट्या) वापरा, प्रत्येक रांगेला स्वतंत्र लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेली उपनळी द्या, आणि उंच भिंत दर दोन-तीन मीटरला वेगळ्या व्हॉल्व्हवर घ्या. वरच्या भागाला जास्त वेळ, खालच्याला कमी. पाणी दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. बाहेरच्या भिंतीला हवामानाप्रमाणे चौरस मीटरला रोज २ ते १० लिटर लागतात. नेमका आकडा पहिल्या महिन्यात भिंतीखालच्या पन्हळीत पडणारं पाणी मोजून ठरवा. दिलेल्या पाण्याच्या १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त खाली येत असेल तर वेळ कमी करा.

ड्रिपरच्या आधी १२० मेशचा फिल्टर, दाब नियंत्रक आणि पाणी उलट फिरू न देणारा व्हॉल्व्ह लागतो. खताचं पाणी पिण्याच्या पाइपात शिरू शकतं, त्यामुळे हा व्हॉल्व्ह टाळण्यासारखा नाही. खाली पन्हळ, तिला उतार आणि जाळी. खालचं पाणी टाकीत घेऊन पुन्हा फिरवायचं असेल तर त्यात क्षार साचत जातात. साधा ईसी मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पीएच मीटर (आम्लता मोजणारा) ठेवा. बिनमातीच्या भिंतीत पीएच ५.५ ते ६.५ आणि ईसी साधारण १ ते १.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या दरम्यान असावा. पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसू लागल्या की टाकी रिकामी करून साध्या पाण्याने भिंत धुऊन काढा.

लागवडीत वर ऊन-वारा सोसणारी, खाली ओल आवडणारी झाडं लावा. नेचे, फिलोडेंड्रॉन, मनीप्लांट खालच्या दोन-तृतीयांशात चांगले. फार जड किंवा पुढे झुकणारी झुडपं टाळा. खोलीतल्या भिंतीला उजेड हा खरा प्रश्न असतो. पानांपाशी किमान १,००० लक्स, शक्यतो त्याच्या दुप्पट, रोज १० ते १२ तास हवेत. मोजायला मोबाइलचं अॅप अंदाजापुरतं चालतं. खोलीची हवा शुद्ध होते या दाव्यावर मात्र भिंत विकत घेऊ नका. त्यामागे नेहमी सांगितला जाणारा नासाचा १९८९ चा अभ्यास छोट्या, बंद कक्षांतला होता. राहत्या खोलीत खिडकीतून येणारी हवा त्याहून कितीतरी मोठं काम करते. डोळ्यांना आणि मनाला मिळणारा विसावा हेच पुरेसं कारण आहे.

देखभाल आधीच आखा

भिंतीच्या वरच्या रांगेपर्यंत माणूस कसा पोचणार, हे चित्र काढतानाच ठरवा. इटलीतल्या मिलानच्या बॉस्को व्हर्टिकाले या झाडांनी भरलेल्या मनोऱ्यांवर माळी दोरांना लटकून छाटणी करतात, आणि ती सोय आराखड्याचाच भाग होती. दोन मजल्यांच्या भिंतीलाही दोर अडकवायचे कडे किंवा शिडीला भक्कम जागा लागते. गच्चीवर कठडा कमी उंचीचा असेल तर काम करणाऱ्याचा सुरक्षा पट्टा अडकवायला नांगर (अँकर) हवा.

गच्चीवर वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सगळ्या पेट्यांची झाकणं उघडून गाळ काढा. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात. ती चार पानांची असतानाच मुळासकट काढा. वीतभर वाढलेलं रोप उपटताना तुटतं आणि मूळ आतच राहतं. गच्चीला खत जपून द्या. जास्त खताने झाडं लुसलुशीत होतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात जळतात, आणि तणही माजतं. वाळलेलं गवत उन्हाळ्याआधी कापून खाली आणा, वर ढीग लावू नका.

प्रत्येक थर झाकण्याआधी त्याचे फोटो काढा, मोजपट्टी ठेवून. पाइप, व्हॉल्व्ह, बीम कुठे आहेत याचा नकाशा, चादरीचं प्रमाणपत्र, इंजिनिअरचं पत्र, झाडांची यादी हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि तिची प्रत इमारत सांभाळणाऱ्याकडे द्या. भिंतीच्या पंपाजवळ पाणी सोडण्याच्या वेळा, मुख्य व्हॉल्व्ह कोणता आणि पंप बंद पडला तर कुणाला फोन करायचा हे ठळक लिहून लावा. पंपाला वळसा घालणारी एक जोडणी पाइपात सुरुवातीलाच ठेवा. पंप दुरुस्तीला गेला तर साध्या नळाच्या दाबावर वरची रांग भिजवता आली पाहिजे.